संचकारपत्रातला तो मजकूर आधी वाचून घ्या

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीजवळचे जुने कौलारू घर एप्रिलमध्ये पाहून संचकारपत्र (इसार देऊन केलेला खरेदीचा करार) केले. पावसात भिंतीला ओल आली, पीओपीचे छत कोसळले, तर वरची तुळई आणि वासे वाळवीने पोखरलेले. मालक म्हणतो, ‘बघून घेतलंय, खरेदी करा नाहीतर इसार विसरा.’ मुदत पुढच्या महिन्यात संपते. कन्नड येत नसल्याने संचकारपत्र न वाचताच सही केली होती.

उत्तर : ईसी (मालमत्तेवर बोजा आहे का हे दाखवणारा दाखला), ई-स्वत्तू (ग्रामपंचायतीचा मालमत्ता उतारा) तुम्ही पाहिलेत, त्यावर लिहीत नाही. पण न वाचता सही? आपल्या सीमाभागातून अशी पत्रे सतत येतात आणि दरवेळी जीव तळमळतो. दस्तलेखक ओळखीचा असला तरी तो तुमचा वकील नव्हे. आजच कोणाकडून तरी कागद शब्दन् शब्द वाचून घ्या.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला दिसला नसता असा मोठा दोष मालकाला माहीत असेल, तर तो त्याने सांगायलाच हवा. लपवणे ही फसवणूक ठरते. मात्र करारात वेगळे ठरले असेल तर करार आधी पाहिला जातो. नुसते ‘घर पाहिले, पसंत आहे’ एवढेच असेल तर तुमची बाजू बरी आहे. ‘दिसणाऱ्या वा न दिसणाऱ्या कोणत्याही दोषाला मालक जबाबदार नाही’ असे असेल तर वाट अवघड. तरी बंद झाली असे म्हणणार नाही.

भिंतीची ओल विसरा, ती एप्रिलमध्येही डागावरून कळली असती. छताचे तसे नाही. ते पीओपी कधी बसवले, कोणी बसवले? विक्री ठरण्याच्या आसपास बसवले असेल तर ते काम करणारा गवंडी तुमचा सर्वांत मोलाचा साक्षीदार.

सिव्हिल इंजिनिअरकडून फोटोंसह लेखी अहवाल घ्या आणि मुदत संपण्याआधी स्पीड पोस्टाने (रजिस्ट्रेशनसह) नोटीस पाठवा : दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर इसार परत द्या. गप्प बसलात तर मुदत तुम्हीच मोडली असे मालक म्हणेल. आणि सगळे माहीत असताना खरेदीखतावर सही केलीत तर पुढे तक्रारीला फारसा जोर उरणार नाही.

दावा करावा लागला तर निकालाला किती वर्षे जातील सांगता येत नाही, तोवर तुमचे पैसे अडकतील. म्हणून रास्त सूट मिळत असेल तर घ्या, पण ती लेखी आणि खरेदीखतापूर्वी.