वाचकांचे प्रश्न : सालीचे पापुद्रे आणि 'निगेटिव्ह' अहवाल

प्रश्न : रंगपूर लिंबाच्या खुंटावरची मोसंबी, वय 6 वर्षं. डोळा भरला त्या जागेच्या खाली साल सुटतेय, झाडं बुटकी राहिलीत. पानांची एलायझा (प्रतिपिंडांनी विषाणू ओळखणारी चाचणी) करून घेतली, अहवाल 'निगेटिव्ह' आला. म्हणजे रोग नाही ना?
– वाचक, अथणी तालुका

उत्तर : तो अहवाल पुन्हा काढून कशाची चाचणी केली ते नाव वाचा. लिंबूवर्गात एलायझा बहुधा ट्रिस्टेझा या विषाणूरोगासाठी करतात. ती विषाणूच्या प्रथिनाचं कवच ओळखते. तुमच्या वर्णनावरून संशय जातो एक्सोकॉर्टिस या सालीच्या रोगावर आणि तो घडवणारा व्हायरॉइड म्हणजे सुमारे 371 न्यूक्लिओटाइडची (दुव्यांची) उघडी, गोल आरएनए. कवच नाही, स्वतःचं एकही प्रथिन नाही. एलायझा त्याला कुठून धरणार? त्यासाठी आरटी-पीसीआरच हवी, ती आरएनएवरून डीएनए बनवून तो वाढवते.

त्याआधी बुंधा नीट पाहा. एक्सोकॉर्टिसमध्ये साल कोरडी तडकते, उभे पापुद्रे निघतात आणि तेही फक्त खुंटावर. वरची मोसंबीची साल स्वच्छ असते. कारण रंगपूर या व्हायरॉइडला नाजूक आहे, मोसंबी मात्र लक्षण न दाखवता तो बाळगते. डिंक ओघळत असेल, मातीलगतची साल ओली, कुजकी लागत असेल, तर तो डिंक्या. त्याचा इलाज वेगळा, तो आधी करा.

नमुना उन्हाळ्यात घ्या. उष्णतेत झाडातलं व्हायरॉइडचं प्रमाण वाढतं. ते झाडभर सारखं नसतं, म्हणून चारही बाजूंनी देठासकट 2-3 पक्व पानं आणि एखादी कोवळी काडी घ्या. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी, तिच्यावर झाडाचा नंबर. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी रवाना करा. एकदा गोठवून वितळलेला नमुना नको. पाठवण्याआधी प्रयोगशाळेला विचारा : व्हायरॉइडची आरटी-पीसीआर करता का, आणि कोणकोणत्या व्हायरॉइडची?

प्रश्न : व्हायरॉइडच्या आरटी-पीसीआरसाठी सीटॅब-लिथियम क्लोराइड पद्धतीने पानातून आरएनए काढतो. नॅड5 या झाडाच्याच जनुकाचा अंतर्गत कंट्रोल (चाचणी नीट चालल्याची खूण) झकास येतो, पण खात्रीच्या रोगट झाडातही व्हायरॉइडचा बँड दिसत नाही.
– विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : कंट्रोल येतो आणि व्हायरॉइड येत नाही, यातच उत्तर आहे. 2 मोलर लिथियम क्लोराइडमध्ये मोठी एकपदरी आरएनए तळाशी बसते. नॅड5 तिच्यातच असतो. व्हायरॉइड लहान आणि स्वतःवरच घट्ट दुमडलेला, तो वरच्या द्रवात राहतो. तो द्रव तुम्ही बेसिनमध्ये ओतता! पुढच्या वेळी तो जपून ठेवा, 2.5 पट इथेनॉल घालून उणे 20 अंशांवर ठेवा, मग सेंट्रिफ्यूज करा. किंवा लिथियमची पायरीच गाळा आणि आयसोप्रोपॅनॉलने आरएनए बसवा.

दुसरी गफलत रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनमध्ये, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवण्याच्या पायरीत होते. व्हायरॉइडची ती दुमड उलगडल्याशिवाय प्रायमर (प्रत जिथून सुरू होते तो छोटा डीएनए तुकडा) बसत नाही. आरएनए आणि रिव्हर्स प्रायमर 95 अंशांवर 5 मिनिटं ठेवून नळी थेट बर्फात खुपसा, टेबलावर गार होऊ देऊ नका. एन्झाइम 50 अंशांवर टिकणारं असेल तर उत्तम. आरएनएची शुद्धता दाखवणारं 260/230 गुणोत्तर (त्या दोन तरंगलांबींवरच्या प्रकाशशोषणाचं) फार खाली असेल तर पानातली साखर नि फिनॉलं आडवी येताहेत. आरएनए 10 पट पातळ करून पुन्हा चालवा. पुष्कळदा तेवढ्यानेच बँड उमटतो.

नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीत बँड आला तर सगळी खेप फेका. आणि 300 न्यूक्लिओटाइड लांबीच्या आसपास बँड दिसला म्हणून लगेच नाव देऊ नका, सिक्वेन्स करा. लिंबूवर्गातही आढळणाऱ्या हॉप स्टंट या दुसऱ्या व्हायरॉइडचे कॅशेक्सिया रोग घडवणारे आणि न घडवणारे प्रकार मोजक्या न्यूक्लिओटाइडांनीच वेगळे असतात, जेलवर ते सारखेच दिसतात.

प्रश्न : व्हायरॉइड पसरू नये म्हणून द्राक्षाच्या खरड छाटणीत कात्री स्पिरिटने पुसली तर चालेल का?
– वाचक, रायबाग

उत्तर : चालणार नाही. कवचच नसल्यामुळे स्पिरिटचा व्हायरॉइडवर भरवसा नाही, कात्री आचेवर धरण्याचाही नाही. 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरा : 4 टक्क्यांचं ब्लीच असेल तर 1 लिटरला 3 लिटर पाणी. दोन कात्र्या ठेवा; एक चालते तेव्हा दुसरी बादलीत बुडालेली. वेल बदलला की कात्री बदलायची. रस आणि माती मिसळली की क्लोरीन मरतं, म्हणून दुपारी द्रावण नवं करा. संध्याकाळी पाती धुऊन तेल लावा, नाहीतर गंज ठरलेला. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचं औषध चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

प्रश्न : व्हायरॉइडवर फवारणी कोणती? – वाचक, निपाणी

उत्तर : कोणतीच नाही. उष्णतेच्या उपचारानेही तो काडीतून जात नाही, 0.1-0.2 मिलिमीटरच्या शेंड्याचं सूक्ष्म कलम करूनच स्वच्छ मातृझाड मिळतं. लिंबूवर्गाची अशी कलमं नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत तयार होतात. बागेतलं बाधित झाड फळ देत असेल तर लगेच तोडायची घाई नको, पण बुंध्यावर रंगाचा पट्टा मारून ठेवा आणि त्याची डोळकाडी कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही.