'तीन ड्रॅम' कशाचे?

जुन्या छऱ्याच्या बंदुकांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना एक वाचक काडतुसांच्या खोक्यावरच्या '3 ड्रॅम'पाशी अडले. विचारतात, 'काडतुसात तीन ड्रॅम धूम्रहीन भुकटी असते' असे लिहिले तर चालेल का, आणि ड्रॅमला मराठी शब्द कोणता?

नाही चालणार. आधी ती भुकटी फेका. भुकटी सुंठीची, बंदुकीत दारूच भरतात. बिनधुराची दारू म्हणा, झाले. 'चेंबर'चा 'कक्ष' करणाऱ्यांनाही कितींदा सांगायचे, काडतूस बसते ती बंदुकीची कोठी!

आता ड्रॅम. औंसाचा सोळावा भाग, म्हणजे 1.77 ग्रॅम. (औषधवाल्यांचा ड्रॅम याच्या दुपटीहून मोठा, त्याला इथे आणू नका.) इंग्लंडात बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) काडतुसात काळी दारू सर्रास 3 ड्रॅम, म्हणजे 82 ग्रेन (ड्रॅमहून बारीक वजन) भरत. 1860च्या दशकात शुल्ट्झ या प्रशियन तोफखान्याच्या अधिकाऱ्याने लाकडापासून नायट्रोची, म्हणजे बिनधुराची, दारू केली, 1882मध्ये ई. सी. नावाची तशीच दारू आली. दोन्ही फुलक्या, म्हणजे जागा जास्त, वजन कमी. तेच पितळी माप, दांड्यावरची '3'ची खूण तीच, काठोकाठ भरायचे. वजन मात्र भरे 42 ग्रेन. बोलताना 'तीन ड्रॅम'च. मग नोबेलची बॅलिस्टाइट आली. ती घट्ट, 26 ग्रेनमध्येच तेवढे काम करणारी. तरी खोक्यावर 3 ड्रॅम! अर्थ इतकाच, की तीन ड्रॅम काळ्या दारूच्या तोडीचा बार.

तुमचे वाक्य खरे मानून कोणी 82 ग्रेन बॅलिस्टाइट तोलली तर? तिपटीहून जास्त झाली. काळी दारू थोडी जास्त पडली तर धूर वाढतो, खांदा दुखतो. नायट्रोची दारू दाब वाढला की आणखी वेगाने जळते, आणि तशी जळली की दाब आणखी चढतो. मग कोठीच फाटते. तेव्हा 'तीन ड्रॅमच्या तोडीचा' असेच लिहा. 'तोडीचा' गाळू नका.

आणि ड्रॅमला मराठी शब्द? अहो, तो तुमच्या खिशात आहे! ग्रीक द्राख्मे, त्याचे संस्कृतात द्रम्म, प्राकृतात दम्म, आपल्याकडे दाम. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म मोजलेले सापडतात. अकबराच्या तांब्याच्या दामाला तेच नाव. चाळीस दामांचा रुपया. अरबांचा दिरहम याच घरातला. छदाम आणि दमडी ही दामाचीच लेकरे. इकडे भाऊबंद लॅटिनमार्गे इंग्रजीत जाऊन ड्रॅम झाला आणि बंदुकीत शिरला.

'दाम हा दामन्, म्हणजे दोरी, यातून आला. नाणी दोरीत ओवत ना' असे सांगणारे एक गृहस्थ मला दर व्याख्यानाला भेटतात. ओवत असतील! पण मग मधल्या त्या द्रम्माचे काय करायचे? त्यातला 'र' कुणी दोरीला गाठ मारताना घातला? संस्कृतात जे दिसेल ते संस्कृतातच जन्मले पाहिजे, हा हट्ट एकदाचा सोडा.

खरी गंमत पुढेच आहे. द्राख्मेच्या मुळाशी ग्रीकांचा 'मुठीत धरणे' हा धातू आहे. द्राख्मे म्हणजे मूठभर, नाण्यांच्या आधी चालणाऱ्या लोखंडी सळ्यांची मूठ. मुठीचे नाणे झाले, नाण्याचे वजन झाले, वजनाचे दारूचे माप झाले. पुढे काळी दारू गेली, माप गेले, उरली नुसती तोड. अमेरिकेत खोक्यांवर ती अजून छापतात: 1⅛ औंस छरे आणि '3 ड्रॅम' असेल तर सेकंदाला सुमारे 1200 फूट वेग, असे समजायचे. आत दारू ड्रॅमने मोजलेली नसते.

अनुवादात मात्र ड्रॅमच राहू द्या. 'तीन दाम दारू' लिहिलेत तर वाचक बंदूक सोडून थेट गुत्त्यात शिरेल.