तेलाच्या भावाची वही आणि पुढचे शिक्षण

डिचोली येथील ताईंस,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. यजमान कुवेतमधील तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरीला आहेत, मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून, गणित घेऊन, बारावी उत्तीर्ण झाली आहे आणि तिला 'तेल, युद्ध आणि बाजार' यांचा एकत्र अभ्यास करायचा आहे. नातेवाईक मात्र सी. ए.चा आग्रह धरीत आहेत. असा काही विषय असतो का आणि त्यावर पोट भरते का, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र वाट थोडी वळणाची आहे.

दोन वर्षे ती एका वहीत कच्च्या तेलाचा भाव, डॉलरचा दर आणि गावातल्या पंपावरचा पेट्रोलचा दर शेजारी शेजारी लिहीत आली आहे आणि 'तेल उतरले तरी पंपावरचा दर का हलत नाही?' असे वडिलांना फोनवर विचारते, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील कच्च्या तेलाचा वायदा भाव (पुढच्या तारखेला माल देण्याच्या सौद्याचा आज ठरणारा भाव) पिंपामागे उणे ३७ डॉलरपर्यंत कोसळला होता. पण मे महिन्यात केंद्र सरकारने पेट्रोलवरील करात लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवरील करात १३ रुपये वाढ केली, आणि स्वस्ताईचा मोठा भाग सरकारी तिजोरीत गेला. तिच्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे, आणि ते बाजाराइतकेच राजकारणाचेही आहे.

१९९० चे उदाहरण तर आपल्या घराच्या अगदी जवळचे आहे. ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेलाचे भाव दोन-तीन महिन्यांत दुपटीवर गेले, तेथील भारतीयांना, त्यांत कितीतरी गोवेकरांना, हातातले सोडून परतावे लागले आणि त्यांच्याकडून घरी येणारा पैसा थांबला. आयातीचे बिल वाढले आणि परकीय चलनाची आवक घटली. परकीय चलनाची आधीच नाजूक असलेली गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली आणि १९९१ मध्ये देशाला सोने गहाण ठेवावे लागले. एका आक्रमणापासून गहाण सोन्यापर्यंतची ही साखळी जिला स्वतः मांडता येईल, तिला या क्षेत्रात काम मिळेल, असे मी अनुभवाने सांगतो.

म्हणून बारावीनंतर लगेच आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी अर्थशास्त्राची पदवी घ्यावी आणि गणित व संख्याशास्त्र सोडू नये, कारण आकड्यांवर पकड नसेल तर युद्धाची चर्चा नुसत्या मतांवर येऊन थांबते. पदवीनंतर पुण्याची गोखले संस्था, दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ किंवा घराजवळ ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ, हे मार्ग खुले आहेत. जोडीला अरबी किंवा रशियन भाषा शिकली तर फारच उत्तम.

नोकऱ्या तेल कंपन्यांच्या खरेदी विभागांत, जहाज कंपन्यांत, बँकांच्या संशोधन विभागांत आणि पतमानांकन संस्थांत (कंपन्यांची व देशांची कर्ज फेडण्याची क्षमता जोखणाऱ्या संस्थांत) असतात. पहिली नोकरी बहुधा आकडे गोळा करण्याचीच असेल, ही तयारी आपण ठेवावी. हे क्षेत्र आपल्यापासून दूर आहे असेही समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेतूल येथे भरलेल्या ऊर्जा परिषदेच्या वेळी कतारकडून वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायू घेण्याचा, २०२८ पासूनचा वीस वर्षांचा करार गोव्यातच झाला.

तूर्त तिच्या वहीत आणखी एक रकाना वाढवावा: भारताने त्या महिन्यात कोणत्या देशाकडून किती तेल घेतले. ही देशवार आकडेवारी वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. सुरुवात फेब्रुवारी २०२२ पासून करावी, कारण युक्रेन युद्धापूर्वी आपल्या आयातीत जेमतेम दोन टक्के असलेले रशियन तेल पुढे एक तृतीयांशावर कसे गेले, हे तिला स्वतःच्या हाताने लिहिताना दिसेल. चार-सहा महिन्यांची पाने भरली की वहीसह तिला माझ्याकडे पाठवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक