मेपलचा हट्ट

फोंड्यात अंगणात बुटका जपानी मेपल लावायचा म्हणताय, तर आधी हात आखडता घ्या. या झुकत्या फांद्यांच्या झाडाला हिवाळ्यात पानं झाडून झोपावं लागतं, आणि त्यासाठी कित्येक आठवडे कडाक्याची थंडी हवी. आपल्याकडे जानेवारीतली रात्रही २० अंशांच्या आसपास! वर मार्चच्या उन्हात त्याच्या झिरझिरीत पानांच्या कडा करपतात. नर्सरीवाला 'चालतं हो' म्हणेल, त्याला विकायचंय.

झुकता डौलच हवा तर रसेलिया लावा. पायरीच्या कडेला, उंचवट्यावर, म्हणजे तांबड्या फुलांनी भरलेल्या हिरव्या काड्या खाली लोंबतील. चिऱ्याच्या मातीत शेणखत मिसळा, पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबू देऊ नका. लाल पानांसाठी शेजारी अकॅलिफा. त्याला मात्र ऊन द्या, सावलीत रंग उतरतो.