तुझा एकच मोजा बघितला

चि. धडपड्यास, अनेक आशीर्वाद.

(नाव लिहीत नाही, तू विणतोस हे ऑफिसात कळलेलं चालणार नाही म्हणालास म्हणून. त्यावर पुढे बोलतेच.)

फोटो बघितला. दोनदा बघितला, कारण पहिल्यांदा मला वाटलं पाण्याच्या बाटलीची पिशवी विणलीस. मग टाच दिसली. रागावू नकोस रे, पहिल्या मोज्याला टाच दिसणं हेच खूप आहे, माझ्या पहिल्याला टाचच नव्हती, नुसती नळी होती आणि आमच्या आईने ती चहाच्या किटलीवरचा टीकोजी म्हणून बरीच वर्षं वापरली.

आता तू विचारलंस की पॅटर्नमध्ये ६४ टाके सांगितले होते, मी मोजून ६४च घातले, एकही टाका गळला नाही, मग एवढा ढगळ का झाला. तर टाके बरोबर आहेत, धागा आणि सुई त्या पॅटर्नची नाहीत. ज्याने तो पॅटर्न लिहिला त्याच्या हाती बारीक मोज्यांची लोकर आणि सव्वादोन-अडीच मिलिमीटरची सुई, त्याचे एका इंचात आठ टाके बसतात, ६४ म्हणजे आठ इंच घेर. तू घेतलीस १० नंबरची सुई, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आणि जांभळी नाक्यावर मिळाला तो जाडसर अ‍ॅक्रेलिकचा गुंडा. फोटो झूम करून मोजलं मी, तुझे इंचाला सहा बसलेत. ६४ भागिले सहा, साडेदहाच्या वर गेलं. तुझ्या पंजाचा घेर नऊ इंच असेल तर मोज्याचा घेर आठ इंचच हवा, साधारण दहा टक्के कमी, म्हणजे तो ताणून पायाला धरून बसतो, नाहीतर बुटात गोळा होतो. मग सहा आठे ४८. एवढंच गणित होतं बघ, ४८ टाके घालायला हवे होतेस.

म्हणून म्हणते की पॅटर्न उघडायच्या आधी धागा हातात घे. वीतभर रुंद तुकडा विण, धू, वाळव, मग पट्टी लावून मोज. तू म्हणशील काकू एवढा वेळ कुणाला आहे, पण तीन आठवडे बाटलीची पिशवी विणायला होता ना?

नंबरांचा अजून एक घोळ सांगते, मी स्वतः त्यात पडलेय. आपल्याकडे जुन्या सुयांवर जे नंबर असतात ते इंग्लंडच्या पद्धतीचे, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड. आपली ८ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, त्यांची ८ नंबर म्हणजे पाच. बहिणीने तिकडून एक मासिक पाठवलं होतं, त्यातला सहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर मी भाच्यासाठी विणला, ८ नंबर लिहिलंय म्हणून आपली ८ नंबर काढली, आणि दोन महिन्यांनी तयार झालेला स्वेटर शेजारच्या तीन वर्षांच्या पोराला अगदी मापात बसला. त्याच्या आईला अजून वाटतं मी मुद्दाम त्याच्यासाठी विणला. तेव्हापासून नंबर बघतच नाही, फक्त मिलिमीटर.

अ‍ॅक्रेलिकबद्दल. मी नाकं मुरडणाऱ्यांतली नाही, शिकायला ते चांगलंय, स्वस्त आहे, उसवलं तरी जीव तुटत नाही. पण मोज्याला नको. घाम शोषत नाही आणि आपल्या ठाण्याच्या हवेत संध्याकाळी मोजा पिळायची वेळ येईल. लोकर कशी, स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. नुसती लोकर मात्र टाचेला आणि अंगठ्याला झिजते, म्हणून मोज्याच्या धाग्यात बहुतेक वेळा पाव भाग नायलॉन असतो. दुकानदार शपथेवर सांगेल की शंभर टक्के वूल आहे, तू फक्त टोकाचा दोन इंच तुकडा मागून घरी ये आणि चिमट्यात धरून पेटव. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, विस्तव बाजूला केला की आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरडता येते. अ‍ॅक्रेलिक वितळतं आणि मागे कडक मणी राहतो. गॅसच्या ओट्यावर कर, गॅलरीत नको, खाली कुणाचे कपडे वाळत असतात.

आणि हो, ‘ठाण्यात लोकरीचं काय काम’ असं तुझा रूममेट म्हणाला ना, त्याला सांग की पोखरण रोडला रेमंडची लोकरीची गिरणी होती, १९२५ सालची. सबंध देशाच्या सुटांचं कापड ह्या घामट गावात निघायचं. आता तिथे टॉवर झालेत. शिवाय तुमच्या ऐरोलीच्या ऑफिसात एसी कितीवर असतो ते तूच मला सांगितलंयस, मे महिन्यात शाल पांघरून बसणाऱ्या मुली आहेत म्हणालास. गिऱ्हाईक तिथेच बसलंय.

विकायचं म्हणशील तर आत्ता नको. एका जोडीला वीसेक तास धर, त्याला तुझ्या पगाराच्या तासाने गुण आणि बघ कोण घेतंय. पहिल्या दहा जोड्या घरच्यांना दे, कुठे झिजतात ते कळेल.

आता चरखा. तू लिंक पाठवलीस, किंमत बघून मला घाम फुटला. अजिबात घेऊ नकोस. आधी एक काम कर, तुझ्याकडच्या त्याच गुंड्याचं टोक घे आणि पिळाच्या उलट फिरव. चार पदर सुटे होतील. त्यातला एक पदर घेऊन तोही उलटा फिरव आणि हलकेच ओढ. जोर लावावा लागत नाही, नुसता विरघळल्यासारखा तुटतो. म्हणजे धागा धागा म्हणतो तो सगळा पिळाचा खेळ, पीळ काढला की हातात उरतो कापूस नाहीतर केस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं आपण माणसांना म्हणतो, पण धाग्याचा पीळ गेला की सगळंच गेलं.

अजून बघ, पदर ज्या दिशेने पिळलेत त्याच्या उलट दिशेने ते एकत्र पिळलेले असतात. तसे असतात म्हणूनच एकमेकांना धरून शांत बसतात. नुसता एकेरी धागा विणलास तर शाल एका बाजूला तिरकी पळते, मग कितीही ताणून वाळव. माझी तशी एक आहे, चौकोनी करायला गेले आणि पतंग झाला. ही गोष्ट तुला कुठलाही महाग चरखा शिकवणार नाही, ही हातात फिरवायची साधी टकळी शिकवते, कारण टकळीवर सगळं हळू घडतं आणि पीळ बोटांमधून वर चढताना कळतो.

आम्हाला शाळेत सूतकताईचा तास होता. पितळी चकतीची टकळी, वहीशेजारी पेळूंची, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकट्यांची, पुरचुंडी. बाई फळ्यावर गांधीजी, सेवाग्राम, बुनियादी शिक्षण वगैरे लिहायच्या, आणि आमचं लक्ष कुणाची टकळी जास्त वेळ फिरते याकडे. माझं सूत दर वीतभराला तुटायचं. मला वाटायचं मी जोरात ओढते म्हणून, खरं कारण होतं की पीळ पुरेसा नव्हता. कापसाचा तंतू आखूड, दोन-तीन सेंटीमीटरचा, त्याला एकमेकांना धरून ठेवायला भरपूर पीळ लागतो. लोकरीचा केस लांब आणि नागमोडी, कमी पिळात भागतं, जास्त दिलास तर दोरखंड होतो. एक गंमत म्हणजे कापूस आपल्या दमट हवेत खूश असतो, सूत कमी तुटतं, मुंबईत कापडगिरण्या वाढल्या त्याला ही हवाही सोयीची पडली. तेव्हा पावसाळ्यात कापूस कात, लोकर थंडीत.

मोज्यांसाठी सूत कातायचं डोक्यात असेल तर हिशोब आत्ताच सांगते. एका जोडीला साधारण ४०० मीटर धागा. दोनपदरी करायचा तर ८०० मीटर एकेरी कातायला लागेल, म्हणजे ऐरोली स्टेशनचे तीन फलाट तरी. आणि तो सगळा एकाच जाडीचा हवा. घाबरवत नाहीये. पहिलं वर्षभर जे जाडं-भरडं निघेल त्याची आसनं विण, भांडी धरायची फडकी विण, काहीही विण, पण ती मोज्याची हौस दूर ठेव.

मी राठ लोकर कातलीय म्हणून सांगते. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, भात कापलेल्या शेतात मेंढ्या बसवतात, शेताला लेंडीचं खत मिळतं आणि त्यांना धान्य किंवा पैसे. पनवेलच्या पुढे पेणकडे जाताना आमची गाडी बंद पडली तेव्हा बांधावर एक म्हातारबाबा उभ्या उभ्या टकळीवर लोकर कातत होते. मी बघत बसले, गाडी दुरुस्त झाली तरी उठेना. बाबांची नजर मेंढरांवर, टकळीकडे एकदाही बघितलं नाही. मी विचारलं धागा तुटत नाही का, तर म्हणाले, ‘तुटतो की, जोडायचा.’ पिशवीभर लोकर दिली त्यांनी मला, पैसे घेतले नाहीत. दख्खनी मेंढीची, काळी, राठ, तिचीच घोंगडी विणतात आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात. मी हौसेने तिचा गळपट्टा विणला आणि अर्ध्या तासात मान लाल. साधारण तीस मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वर केस जाड असला की माणसाच्या कातडीला टोचतो, मेरिनो विशीच्या आसपास असते, पश्मिना त्याहून बारीक. घोंगडी पाऊस झेलते, पश्मिना मानेला बरी. लोकर वाईट नव्हती, मी तिच्यावर चुकीचं काम टाकलं.

तर ते म्हातारबाबा आठवले की मला तुझं ‘ऑफिसात कळायला नको’ आठवतं. काय कळायला नको? युरोपात सुईवर विणणाऱ्यांचे संघ असायचे त्यात बहुतेक पुरुषच असायचे, विणकामाचं पहिलं यंत्र १५८९ साली काढलं ते विल्यम ली नावाच्या पाद्र्याने. नुसतं बायकांचं काम वगैरे फार नंतर चिकटवलंय. पण तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस, तुझी मर्जी. फक्त ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत लपवून विणू नकोस, बांबूची गोल सुई घे, स्टीलची कुणाच्या पोटात जाईल.

शालीबद्दल थोडक्यात, कारण ती तू मोज्यानंतर करणारेस (करणारेस ना?). तुला लोकांच्या फोटोतली मधल्या मणक्यापासून सुरू होणारी त्रिकोणी शाल आवडली. ती चार-पाच टाक्यांपासून सुरू होते, दर दोन ओळींना चार टाके वाढतात, म्हणजे शंभर ओळी झाल्या की दोनशे टाके जास्त. पहिले दोन दिवस वाटतं झालीच, नंतर एक ओळ संपता संपत नाही. इथे सगळे फसतात. लोकर अर्धी संपली तेव्हा शाल अर्धी झालेली नसते, उंचीला जवळपास सत्तर टक्के झालेली असते. म्हणून वजनकाटा ठेव, स्वयंपाकघरातला चालतो, आणि बंद करायला शेवटच्या ओळीच्या चौपट लांबीचा धागा राखून ठेव. जाळीची नक्षी असेल तर दर दहा-बारा ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून रंगीत शिलाईचा दोरा ओवून ठेव, चुकलं तर तिथपर्यंतच उसवतं. मी आळस केला होता, एक गळलेला टाका चाळीस ओळी खाली गेला आणि मी ती शाल पिशवीत कोंबून पुढची दोन वर्षं कपाटावर ठेवली.

झाल्यावर कोमट पाण्यात वीस मिनिटं, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, पिळायची नाही, मग गादीवर टाचण्या लावून ताणून वाळवायची. गरम पाणी आणि चोळणं दोन्ही एकत्र झालं की लोकर आकसून तिचा जाड नमदा होतो, मग ती बाहुलीची शाल. जुलैत हे करू नकोस, दोन दिवस वाळत नाही आणि घरभर ओल्या मेंढीचा वास.

बरं, तुझ्या मोज्याचं काय करायचं ते राहिलंच. फेकू नकोस आणि बाटलीलाही घालू नकोस. उसव. बोटापासून सुरू कर, सावकाश, आणि उसवताना बघत जा की टाच कशी वळलीय, टाके कुठे उचललेस, कुठे दोन टाके एकत्र केलेस. सुलट बाजूला गव्हाच्या लोंबीसारखी ओळ दिसते, उलट बाजूला बारीक उंचवटे, ते ओळखता आलं की मोजत बसायची गरज पडत नाही. विणताना तुला यूट्यूब दिसत होतं, मोजा नाही. उसवलेला धागा कुरळा होईल, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी कर, ओली करून टांगून ठेव. अ‍ॅक्रेलिक आहे, पूर्ण सरळ होणार नाही, चालेल. मग ४८ टाके.

रविवारी ये. तलावपाळीला पार्किंगच्या नादी लागू नकोस, स्टेशनवरून चालत ये नौपाड्यात. माझी शाळेतली टकळी अजून आहे, चकती थोडी वाकलीय पण फिरते, पेळू मी आणून ठेवलेत. आणि येताना तो दुसरा गुंडा आण, जो गुंतलाय म्हणून रात्री एक वाजता रडका चेहरा पाठवला होतास. कात्री लावू नकोस त्याला, मला सोडवायचाय.

तुझी,
नौपाड्याची काकू

ता. क. भाकरी खातोस ना? बाकी काही नाही, पिठलं करते.