रात्री दोनपर्यंत जागूनही केअर प्लॅनवर लाल रेघ का?

जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. सर्जिकल वॉर्डचं पोस्टिंग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि तीनही केअर प्लॅन (एकेका पेशंटच्या शुश्रूषेचे लेखी आराखडे) परत आले होते. तिने सगळं एका दमात सांगितलं, “मॅडम, रात्री दोन-दोनपर्यंत बसते. गाइडमध्ये आहे तस्सं उतरवते. तरी ट्यूटर मॅडम लाल रेघ मारतात. माझं इंग्रजी कच्चं आहे. मला नर्सिंग जमणारच नाही, घरी जाते परत.” (तिची आणि पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पोस्टिंगच्या काळात ही तक्रार हमखास येते. बहुतेक मुलींना दोष इंग्रजीचा वाटतो. वही उघडली की इंग्रजीच्या चुका सापडतातही, पण लाल रेघ सहसा त्यांच्यावर नसते.

हिच्या वहीत नर्सिंग डायग्नोसिसच्या (नर्स स्वतः हाताळू शकेल अशा पेशंटच्या अडचणीच्या) रकान्यात लिहिलं होतं, ‘परफोरेटेड अपेंडिसायटिस’, म्हणजे फुटलेलं अपेंडिक्स. हे डॉक्टरांचं निदान, नर्सचं नव्हे. खाली गाइडमधून घेतलेलं ‘नॉलेज डेफिसिट’ (माहितीची कमतरता) आणि ‘अँग्झायटी’. गोल : ‘पेशंटला आराम मिळेल’. प्लॅनिंगमध्ये ‘व्हायटल्स बघणे, औषध देणे, मानसिक आधार देणे’, आणि इम्प्लिमेंटेशनमध्ये तेच, फक्त भूतकाळात : बघितले, दिले, दिला. शेवटच्या रकान्यात सगळीकडे ‘गोल मेट’. हा प्लॅन शेजारच्या कॉटवरच्या हर्नियाच्या पेशंटलाही चालला असता, आणि लाल रेघ त्यासाठीच होती.

वही मिटायला लावून तिला एवढंच विचारलं, बाई कशी आहे? मग ती न अडखळता बोलली. “बेचाळीस वर्षांची, शेतमजुरी करते. पोट उघडून ऑपरेशन झालं, आज दुसरा दिवस. खोकला आला की तोंडावर पदर दाबते, खोकतच नाही. टाके तुटतील म्हणते. सारखा पोटावर हात. कुशीवर वळ म्हटलं तर नको म्हणाली.” यातलं एक अक्षर वहीत नव्हतं. ती पेशंट नीट बघत होती, पण प्लॅन लिहायला आजारापासून सुरुवात करत होती.

मग एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे पेशंट जे बोलली ते, तिच्याच शब्दांत : ‘खोकलं की टाके ओढतात’. हा सबजेक्टिव्ह डेटा. तो अवतरणात मराठीतच लिहावा आणि शेजारी साधं इंग्रजी द्यावं. उजवीकडे मोजलेलं आणि पाहिलेलं : पेन स्कोअर १० पैकी ७, नाडी १०४, श्वसन मिनिटाला २४ आणि उथळ, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) ९५ टक्के, ताप ९९.८ फॅरनहाइट, ड्रेसिंग कोरडं, पोटात ड्रेन (स्राव बाहेर काढणारी नळी), हाताला कॅन्युला (सलाइनची नळी). ‘पेशंट वेदनेत वाटते’ हे उजवीकडे बसत नाही, कारण ‘वाटते’ म्हणजे निष्कर्ष झाला. ‘कपाळाला आठ्या, हात पोटावर’ हे बसतं.

खरा पेच डायग्नोसिसचा, म्हणून तिथे जास्त वेळ दिला. वाक्याचे तीन तुकडे असतात : प्रॉब्लेम, त्याचं कारण (‘रिलेटेड टू’) आणि पुरावा (‘ॲज एव्हिडन्स्ड बाय’). मुली पहिला तुकडा नांडाच्या (नर्सिंग डायग्नोसिसची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) यादीतून उचलतात आणि मधल्या तुकड्यात आजाराचं नाव टाकतात. मधला तुकडा लिहिला की स्वतःला विचारायचं, या कारणावर नर्स काही करू शकते का? अपेंडिसायटिसवर उत्तर आहे सर्जनचं. पण ‘इनइफेक्टिव्ह ब्रीदिंग पॅटर्न रिलेटेड टू इन्सिजनल पेन’ (जखमेच्या वेदनेमुळे श्वास नीट न चालणं) लिहिलं की कामं आपोआप समोर येतात : वेदना कमी करणं, पोटाला आधार देणं, श्वासाचा व्यायाम. दुसऱ्या पेशंटला घट्ट कफामुळे नीट खोकता येत नसेल तर कारणाच्या जागी कफ येतो, आणि वाफ, चालत असेल तर जास्त पाणी, चेस्ट फिजिओ (छातीवर थापटून कफ सैल करणं) अशी कामं निघतात. दोघीही नीट खोकत नाहीत, पण मधला तुकडा बदलला की खालचा अख्खा प्लॅन बदलतो. गाइडमधून उतरवलेला प्लॅन फसतो तो याच जागी.

गाइडबद्दल आणखी एक. नांडाची यादी दर तीन वर्षांनी सुधारली जाते. जुन्या गाइडमधलं ‘नॉलेज डेफिसिट’ केव्हाच ‘डेफिशिएंट नॉलेज’ झालं, ‘ऑल्टर्ड न्यूट्रिशन’चं ‘इम्बॅलन्स्ड न्यूट्रिशन’ झालं, आणि नव्या यादीत ही नावंही बदलली आहेत. सीनियरची वही वापरायचीच असेल तर नावं तेवढी ताज्या यादीवर ताडून घ्यावीत.

डायग्नोसिसचा क्रम लावताना आधी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मग वेदना, मग भीती आणि माहिती. हिने ‘नॉलेज डेफिसिट’ पहिलं घेतलं होतं, कारण ते लिहायला सोपं. या पेशंटमध्ये कागदावर श्वास पहिला येतो, पण हात आधी वेदनेला घालावा लागतो, कारण वेदना उतरल्याशिवाय ती खोल श्वास घेणारच नाही. यावर ट्यूटरांमध्ये मतं वेगळी असतात. क्रमाचं कारण एका ओळीत लिहिलेलं असलं की सहसा कुणी हरकत घेत नाही.

गोलच्या वाक्यात कर्ता पेशंट हवा, नर्स नव्हे, आणि आकडा व वेळ हवी. तिने नव्याने लिहिलं : ‘वेदनाशामक दिल्यापासून तासाभरात पेन स्कोअर ३ किंवा कमी सांगेल’, ‘दुपारी २ पर्यंत पोटाशी उशी धरून स्वतः खोकून दाखवेल’. ‘आराम मिळेल’ हे दुपारी दोनला तपासणार कसं?

इंटरव्हेन्शनमध्येही तसंच. ‘पोझिशन देणे’ पुरत नाही. पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर, गुडघे किंचित वाकवलेले. रॅशनल, म्हणजे यामागचं शास्त्रीय कारण : पोटाच्या स्नायूंवरचा ताण कमी होतो, टाके ओढले जात नाहीत. घडी घातलेली चादर किंवा उशी जखमेवर दोन्ही हातांनी धरून खोकणं. रॅशनल : खोकताना जखमेला बाहेरून आधार मिळतो. जागी असताना दर तासाला दहा खोल श्वास. रॅशनल : फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश उघडे राहतात. हा व्यायाम औषधाचा असर सुरू झाल्यावर घ्यायचा, आधी नाही. ‘वेदना कमी करण्यासाठी’ हे रॅशनल नव्हे, तो हेतू झाला. रॅशनल म्हणजे ‘असं केल्याने शरीरात काय होतं’. डॉक्टरांच्या ऑर्डरवरची कामं आणि नर्सने स्वतःहून करायची कामं वेगळी दिसली पाहिजेत. सगळ्या ओळी औषधांच्याच असतील तर तो केअर प्लॅन नाही, ट्रीटमेंट शीट आहे.

इम्प्लिमेंटेशनमध्ये जे झालं ते, घड्याळासकट : ‘१०.१५, ऑर्डरप्रमाणे पॅरासिटामॉल १ ग्रॅम आयव्ही (शिरेतून), १५ मिनिटांत दिलं. १०.४५, उशी धरून खोकायला शिकवलं, दोनदा खोकली. ११.१५, पेन स्कोअर ४.’

इथे ती थांबली. “३ लिहिलं होतं, ४ आला. मग गोल मेट लिहू की नाही?” ‘नॉट मेट’ लिहिलं की मार्क जातात, ही समजूत हॉस्टेलमध्ये वर्षानुवर्षं फिरतेय. सातवरून चार म्हणजे ‘पार्शली मेट’, आणि पुढे काय बदलणार ते : स्टाफ सिस्टरला कळवलं, पुढच्या औषधाची वेळ आणि मात्रा यावर डॉक्टरांना विचारायचं, १२.१५ ला पुन्हा स्कोअर. इव्हॅल्युएशनचा रकाना आहेच त्यासाठी. परीक्षकाला खटकतात ते सकाळी नऊला लिहिलेले पाच ‘गोल मेट’.

झोपेचं मग वेगळं काही करावं लागलं नाही. ठरलं एवढंच : कॉटपाशी पहिली वीस मिनिटं फक्त रेघ मारलेला कागद, गाइड बंद. तीनच डायग्नोसिस, पण पूर्ण. वॉर्डमधून निघण्याआधी कच्चा प्लॅन तयार, होस्टेलवर फक्त फेअर करणं. इंग्रजीसाठी वॉर्डात रोज लागणारी वीस-पंचवीस क्रियापदं पाठ : ‘रिपोर्ट्स’, ‘डेमॉन्स्ट्रेट्स’, ‘असिस्ट’, ‘मॉनिटर’ अशी. केअर प्लॅनला निबंधाचं इंग्रजी लागत नाही.

पुढच्या आठवड्यात चौथा प्लॅन घेऊन आली. लाल रेघ एकच होती, तिसऱ्या डायग्नोसिसवर. ‘रिस्क फॉर इन्फेक्शन’ला तिने ‘ॲज एव्हिडन्स्ड बाय’ जोडून पुढे ‘ड्रेसिंग कोरडं’ लिहिलं होतं. धोका अजून घडलेला नसतो, त्याला लक्षणं नसतात. तिथे धोक्याचे घटक लिहायचे : जखम, ड्रेन, कॅन्युला. “हे मलाच कळायला हवं होतं,” म्हणाली, आणि तिथेच टेबलावर खोडून नीट केलं.