कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या आईला घरी सांभाळायचं तर काय तयारी लागते?

भाऊ, तुमचा प्रश्न सकाळपासून चारदा वाचला. आईला तोंडाचा कॅन्सर, चौथी स्टेज, ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) होऊनही गाठ परत आली, मुंबईच्या डॉक्टरांनी आता गोळ्या देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात दाखवावं की घरीच ठेवावं, आणि घरी ठेवलं तर काय काय लागेल, असं तुम्ही विचारता. आणि जाता जाता लिहिता, "आई म्हणते फार दुखत नाही, म्हणून मॉर्फिन अजून सुरू केलं नाही." मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध, आणि मी त्या एका ओळीपायी लिहायला बसले आहे.

तुमची आई खरं सांगत नाही. माझीही सांगत नव्हती.

माझं माहेर पारोळा तालुक्यातलं. मायने चाळीस वर्षं मशेरी लावली. पहाटे तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की आम्ही समजायचो, उजाडलं. गालाच्या आत, हिरडीपाशी पांढरा चट्टा आला, त्याची जखम झाली, आणि ती वर्षभर हळद-तूप लावत राहिली. २०२१ च्या दिवाळीनंतर परळला टाटात ऑपरेशन झालं. अर्धा जबडा काढला, छातीचं मांस वळवून गालाला लावलं. मग सहा-साडेसहा आठवडे शेक, शनिवार-रविवार सोडून रोज. आम्ही मायलेकी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. हे सगळं तुम्हीही पाहिलेलं आहे, पुन्हा सांगत नाही. पुढच्या पावसाळ्यात मानेत गाठ आली आणि डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

वडील आधीच गेलेले. मोठा भाऊ, आम्ही त्याला आबा म्हणतो, पुण्याला कंपनीत. वहिनीही तिकडेच नोकरीला. नाकात जेवणाची नळी घातलेली बाई गावच्या घरात एकटी कशी राहणार? २०२३ च्या संक्रांतीला मी तिला अमळनेरला माझ्या घरी आणलं. आबा फोनवर ओरडला, "मी जिवंत असताना माय लेकीच्या दारात? गाव माझ्या तोंडात शेण घालेल!" मायही तेच म्हणायची, "अंडेरना घर मरू नही." म्हणजे लेकीच्या घरी मरू नये. माझ्या नवऱ्याने काही न बोलता पडवीत तिची खाट टाकली, उशाकडचे दोन पाय विटांवर चढवले आणि शेजारी माझी सतरंजी घातली. आबाने त्याबद्दल त्यांना आजवर एक चांगला शब्द दिलेला नाही.

टाटात डॉक्टर विचारायचे, दहापैकी किती दुखतं? मायला ते कळायचं नाही. तिचा हिशेब आण्यांचा. चार बोटं, बोटाला टोक धरून चार पेरं, झाले सोळा आणे. ती आयुष्यभर कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी अशीच अंगठ्याने मोजत आली होती. म्हणून मी विचारायचे, "माय, दुखी राह्यनं का? कितला आना?" बोलणं बोबडं झालेलं, पण अंगठा बरोबर पेरावर जायचा. करंगळीच्या तळापासून मोजणी सुरू. मी शाळेची दोनशे पानी वही आणली आणि दर वेळी लिहीत गेले. सकाळी आठला सहा आणे, दुपारी नऊ, रात्री दोन वाजता चौदा.

जानेवारीच्या शेवटी आम्ही परळला परत गेलो तेव्हा मी वही दाखवली. वेदनांच्या विभागातल्या डॉक्टर बाईंनी ती पानं सावकाश वाचली आणि मॉर्फिन लिहून दिलं. १० मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध. गोळ्या तिथेच मिळाल्या. आमच्याकडच्या मेडिकलवाल्याने ती चिठ्ठी पाहून हात जोडले असते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध वर्षानुवर्षं कुलपात गेलं. २०१४ मध्ये कायदा सुधारून मान्यता असलेल्या दवाखान्यांना ते ठेवणं सोपं केलं, तरी तालुक्याच्या गावी अजून हीच गत. ज्या अफूपासून ही गोळी होते ती सरकारी परवान्याने मंदसौर-नीमचकडे पिकते, म्हणजे आमच्यापासून काही फार लांब नाही. पण त्याच अफूची गोळी आणायला खान्देशातल्या माणसाला रात्रभर गाडीत बसून परळ गाठावं लागतं, याचा मला आजही राग येतो.

गोळ्या घरी आल्या आणि आबाचा फोन आला. "ती अफू आहे. तिने माय गुंगीत पडेल, आपल्याला ओळखणार नाही. अगदी शेवटी द्यायची ती." मी म्हटलं, रात्री चौदा आणे होतात. तो म्हणाला, व्हिडिओ लाव, मी विचारतो. लावला. त्याने विचारलं आणि मायचा अंगठा करंगळीवरच राहिला, दुसऱ्या पेरावर. दोन आणे! वर ती हसली, जेवढं त्या अर्ध्या तोंडाने हसता येत होतं तेवढं. फोन ठेवल्यावर मी रडायला लागले तर मलाच म्हणते, "त्याले सांगू नको. पोऱ्या घाबरी जाई."

त्यानंतर तो रोज संध्याकाळी सातला फोन करायचा आणि रोज दोन आणे ऐकून निश्चिंत व्हायचा. मी त्याचं ऐकलं. मोठा भाऊ, सगळा खर्च त्याचा, आणि माय माझ्या घरात म्हणून मी आधीच गुन्हेगार. गोळ्यांची बाटली लोखंडी कपाटात कपड्यांखाली बावीस दिवस पडून राहिली. वहीत ते बावीस दिवस आहेत. तेरा, चौदा, चौदा, पंधरा.

महाशिवरात्रीच्या रात्री तिने खाटेचा माचा इतका घट्ट धरला की नखं निळी पडली. मी विचारलं तर अंगठा तर्जनीच्या टोकाला गेला आणि तिथून हलेना. सोळा. मी कपाट उघडलं. गोळी वाटीत चुरली, पाण्यात कालवली, नळीतून सोडली, मागून पाणी. पाऊण तासाने तिची मूठ सैल झाली. तिच्या हाताची मूठ सुटलेली मी कितीतरी दिवसांनी पाहिली. पहाटेपर्यंत पाच आणे.

ती गुंगीत पडली का? पहिले दोन-तीन दिवस झोपाळल्यासारखी होती. बाई महिनाभर झोपलीच नव्हती, तिने झोपू नये का? चौथ्या दिवशी उठून बसली आणि म्हणाली, वांगं भाज. तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं, खाणार कशी? पण मी अंगणात तिच्या खाटेजवळ पऱ्हाट्या पेटवल्या आणि भरताची दोन वांगी भाजली. धूर तिच्या अंगावर जात होता, मी खाट सरकवायला गेले तर हाताने थांबवलं. नळी नसलेल्या नाकपुडीने तो वास घेत डोळे मिटून बसली. नंतर मिरची कमी का घेतलीस म्हणून मलाच रागावली. अफूने गुंगलेली बाई मिरची मोजत नाही, आबा.

आता तुमच्या तयारीचं. मॉर्फिनबद्दल आधी. ते दुखलं की द्यायचं नसतं, घड्याळ लावून द्यायचं असतं, कारण एका गोळीचा असर चार तासच टिकतो. रात्री झोपताना जास्त मात्रा देऊन मधली पाळी चुकवता येते, तेही डॉक्टरांना विचारून. बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून पोटाचं औषध पहिल्या दिवसापासून, त्रास झाल्यावर नाही. मळमळ आणि पेंग सहसा काही दिवसांत ओसरते. अचानक बंद करायचं नाही. आणि बारा तास चालणारी मॉर्फिनची वेगळी गोळी येते, ती चुरून नळीतून कधीच देऊ नका. सगळं औषध एकदम अंगात जातं आणि जीव धोक्यात येतो.

नळीचं जेवण पातळ आणि दोनदा गाळलेलं. वरणाचं पाणी, दूध, ताक, नाचणीची पेज. मी सुरुवातीला दुधात केळं घुसळून दिलं आणि नळी तुंबली. आपल्याकडे केळी घरात पडलेली असतात म्हणून मोह होतो, करू नका. एका वेळी साधारण एक पेला, बसवून किंवा पाठीला उशा लावून, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आधी आणि नंतर साध्या पाण्याने नळी धुवायची.

जखम बाहेर फुटली की वास येतो. वासामुळे शेजारणी यायच्या बंद होतात आणि आजारी माणसाला त्याचं कारण कळतं. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड डॉक्टरांना विचारून जखमेवर टाकली तर वास पुष्कळ कमी होतो. आमच्याकडे आठवड्यात फरक पडला. माश्यांसाठी खाटेला मच्छरदाणी दिवसाही, नाहीतर जखमेत किडे पडतात. आणि दोन गडद लाल टॉवेल आणून ठेवा. मानेतून रक्त सुटलं तर पांढऱ्या कपड्यावर ते पाहून रोगीही घाबरतो आणि आपणही. आम्हाला एकदाच लागले.

तुमच्या आईच्या गोळ्यांत मेथोट्रेक्सेट (ही कॅन्सरवरची गोळी) असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते. रोज दिली तर ती विष होते. मी कालनिर्णयवर दर सोमवारी लाल गोल केला होता आणि डबी वेगळ्या फळीवर ठेवली होती, म्हणजे नवऱ्याच्या हातूनही चूक नको.

दुसऱ्या मोठ्या दवाखान्याचं विचारलंत. माझं मत सरळ आहे, नेऊ नका. आम्ही नेलं होतं. घरी आणायच्या आधी, आबाच्या आग्रहाने, एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात. त्यांनी सलाइनमधून केमो सुरू केली, पहिल्याच डोसाला पांढऱ्या पेशी उतरल्या आणि ती अकरा दिवस तिथेच पडून राहिली. एका हंगामाचा कापूस त्यात गेला आणि गाठ होती तेवढीच. ज्यांनी ऑपरेशन केलं, शेक दिले, सगळे कागद ज्यांच्याकडे आहेत, ते गोळ्या म्हणतात तर त्याला कारण असतं. मुंबईला जायचंच तर वेदनांच्या विभागात जा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म तिथूनच भरून घ्या. स्लीपर आणि थ्री एसीला रोग्याचं तिकीट माफ होतं, सोबतच्याला पंचाहत्तर टक्के सूट. झाडपाल्याची पुडी देणारे तुमच्याकडे आले असतीलच, त्यांना दारातूनच परत पाठवा.

माय त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी गेली. आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात. त्या वर्षी माझं माहेर माझ्याच पडवीत होतं. शेवटच्या दिवशी सकाळी तिचा अंगठा चौथ्या पेराच्या वर गेला नव्हता.

आबा अजूनही लग्नकार्यात चार लोकांत म्हणतो, बहिणीने अफू दिली म्हणून माय लवकर गेली. महाशिवरात्रीनंतर ती ५५ दिवस जगली, आबा. त्यातले चाळीस तरी ती बसली, बोलली, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. लवकर काही गेलं असेल तर ते आधीचे बावीस दिवस, आणि ते तुझे जेवढे तेवढेच माझे, कारण कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती.

एक मात्र आबाच्या बाजूनेही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. पैशाला त्याने कधी ना म्हटलं नाही, आणि मायने त्याला दोन आणेच दाखवले. त्याने जे पाहिलं त्यावर विश्वास ठेवला. मुलाला घाबरवायचं नाही हे तिचं तिने ठरवलेलं होतं, त्यात त्याचा दोष नाही. माझं म्हणणं एवढंच की जो माणूस संध्याकाळी सातला विचारतो त्याने रात्री दोनच्या औषधाचा निर्णय घेऊ नये.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. प्रत्येकाचं दुखणं आणि मात्रा वेगळी. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन जपून द्यावं लागतं, तेव्हा आमच्या घरचा आकडा उचलून तुमच्या आईला देऊ नका. काही दुखणी नसांची असतात, त्यांना सोबत दुसरी गोळी लागते, तेही वही दाखवली की डॉक्टरांना कळतं.

तुम्ही लिहिलंय की आईजवळ रात्री तुमची बहीण झोपते. मग "फार दुखत नाही" हे आईने तुम्हाला सांगितलं की तिला? आज बहिणीला आत झोपू द्या. तुम्ही स्वतः खाटेशेजारी अंथरूण टाका, दोनचा गजर लावा, दिवा न लावता आईचा हात हातात घ्या आणि विचारा, किती आणे.